‘संघर्ष’: एका पदाचे अर्थांतर

इंग्रजी ‘कॉन्फ्लिक्ट’च्या मुळाशी परस्परांवर आदळण्याची लॅटिन कल्पना आहे, ‘संघर्ष’ मात्र ‘घृष्’ म्हणजे घासणे या धातूपासून सिद्ध होतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीतून मांडलेल्या त्रिसूत्रीत ‘ॲजिटेट’ हे पद ‘एज्युकेट’ आणि ‘ऑर्गनाइझ’ यांच्या मध्ये होते. रूढ मराठी घोषणेत त्याचा ‘संघर्ष’ झाला व तो संघटनेनंतर आला. ‘ॲजिटेट’मध्ये ढवळून काढण्याचा अर्थ आहे, आधी मन ढवळावे, मग संघटन व्हावे, हा क्रम त्यामुळे झाकोळला. संघर्ष म्हणजे केवळ बाह्य टक्कर मानणाऱ्या समीक्षेला दलित आत्मकथनांतील आत्मशोध दुय्यम वाटतो. अरणींच्या घर्षणातून अग्नी प्रकटतो, हा धात्वर्थ ध्यानी घेतला, तर तो आत्मशोधही संघर्षच ठरतो.