निद्रेचे मानसशास्त्र आणि गुरुदेव रानडे : एक पुनर्विचार

गुरुदेव रा. द. रानडे यांचा 'ए कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसफी' हा ग्रंथ १९२६ मध्ये पुण्यात प्रकाशित झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेल्या या विचारवंताने त्यात उपनिषदांतील मानसशास्त्राला स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्या प्रकरणात निद्रेला लक्षणीय स्थान दिले. हान्स बर्जर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्तरंगांची नोंद प्रसिद्ध केली ती १९२९ मध्ये. या तरंगांवरून निद्रेचे टप्पे ठरविण्याचा लूमिस प्रभृतींचा प्रयत्न १९३७ चा, तर जलद नेत्रचलनाच्या म्हणजे 'रेम' निद्रेचा शोध १९५३ चा. प्रयोगशाळेतील या साधनांच्या अभावी रानडे यांनी निद्रेचा विचार कसा केला, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

रानडे यांचे मोठेपण असे की, उपनिषदांचा निद्रेविषयी एकच सिद्धांत आहे, असे ते मानीत नाहीत. बृहदारण्यकात दिवसभर उडून थकलेला ससाणा पंख मिटून घरट्याकडे वळतो, तसा पुरुष निद्रेकडे वळतो. येथे निद्रेचे कारण श्रम हे आहे. त्याच उपनिषदातील अजातशत्रू मात्र हृदयापासून 'पुरीतत्'पर्यंत पसरलेल्या 'हिता' नावाच्या ७२,००० नाड्यांचा निर्देश करतो. येथे स्पष्टीकरण शारीरिक आहे. प्रश्नोपनिषदात मावळत्या सूर्याचे किरण एकवटावेत तशी इंद्रिये मनात एकवटतात आणि देहरूपी नगरीत केवळ प्राणरूपी अग्नी जागे राहतात. छांदोग्यातील आरुणी तर निद्रेला 'सत्'शी झालेले ऐक्य म्हणतो. श्रम, नाडी, प्राण आणि ब्रह्म ही उत्तरे परस्परांत न मिसळता वेगवेगळी मांडणे, ही रानडे यांची शिस्त होय. पुढील अनेक लेखकांनी ती पाळलेली नाही.

रेम म्हणजे स्वप्न आणि गाढ निद्रा म्हणजे सुषुप्ती, असे समीकरण चर्चासत्रांतील निबंधांत सर्रास आढळते. ते आकर्षक आहे, परंतु टिकत नाही. प्रयोगशाळेतील अवस्था बाह्य खुणांवरून ठरतात. २००७ च्या अमेरिकन नियमावलीने जुनी तिसरी व चौथी अवस्था एकत्र करून 'एन-३' ही अवस्था मानली. तिचा निकष असा की, ३० सेकंदांच्या खंडात किमान २० टक्के काळ मंद तरंग दिसले पाहिजेत. मांडूक्याचा निकष वेगळा आहे : जेथे कोणतीही कामना नाही आणि कोणतेही स्वप्न नाही, ती सुषुप्ती. एक व्याख्या निद्रिताच्या मेंदूची आहे, दुसरी त्याच्या अनुभवाची. शिवाय रेमेतर निद्रेतून जागे केलेली माणसेही अनेकदा स्वप्ने सांगतात. मग 'एन-३'मधील प्रत्येक क्षण सुषुप्तीचा कसा मानावा? (तुरीयेला एखादा तरंग शोधून देण्याच्या खटपटीविषयी येथे न बोललेलेच बरे.)

रानडे यांच्या मांडणीतही एक उणीव आहे आणि ती विषयविभागणीतून आली आहे. छांदोग्याच्या आठव्या अध्यायातील इंद्र-प्रजापती संवादाचा विचार ते अंतिम सत्याच्या प्रश्नाखाली करतात. निद्रेच्या मानसशास्त्रातून तो दूर राहतो. वस्तुतः निद्रेविषयीचा सर्वांत बोचरा आक्षेप तेथेच आहे. गाढ झोपलेला निःस्वप्न पुरुष हाच आत्मा, असे ऐकून समाधानाने निघालेला इंद्र वाटेतूनच परततो. अशा निद्रेत 'हा मी' एवढेही भान नसते, माणूस जणू विनाशालाच पोहोचतो, यात आपल्याला काही हित दिसत नाही, असे तो म्हणतो. प्रजापती त्याला खोडून काढीत नाही. आणखी ५ वर्षे राहण्यास सांगतो. आरुणीचे ऐक्य आणि इंद्राचा विनाश एकाच उपनिषदात आहेत. ते एकाच प्रकरणात समोरासमोर आले असते, तर रानडे यांना या विरोधाचा निवाडा करावा लागला असता.

पुढे भारतीय दर्शनांनी हाच वाद चालविला. योगसूत्रांनी निद्रेला वृत्ती मानले. 'सुखाने झोपलो' या उठल्यानंतरच्या स्मरणाचा आधार भाष्यकाराने दिला. अद्वैत्यांनीही स्मरणाचाच पक्ष घेतला, तर नैयायिकांच्या मते ते स्मरण नसून अनुमान आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिक्लारी प्रभृतींच्या संशोधनात झोपेतून जागे केलेल्यांची उत्तरे तीन प्रकारची होती : स्वप्न पडत होते; काहीच नव्हते; आणि काहीतरी अनुभवले, पण काय ते आठवत नाही. या तिसऱ्या उत्तराला स्मरण म्हणावे की अनुमान, हे तरंगांच्या आलेखावरून ठरत नाही. एम.ए.च्या वर्गात रानडे यांचे निद्राविषयक विवेचन शिकविताना त्यालगत इंद्राचा आक्षेप आणि नैयायिकांचे उत्तर वाचून घेतले, तर विद्यार्थ्यांना हा प्रश्न अजून खुला असल्याचे दिसेल.