पऱ्हाटीत 'गोलपिठा' उगवत नाही

मागल्या महिन्यात एका तरुण मित्रानं कवितांची वही आणून दिली. पोरगा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलाच. बाप सालदार होता, माय आजही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. वही उघडली, तर पानोपानी मुंबईचा नरक. रांडा, भडवे, गटारं, गुत्ते. मी विचारलं, "मुंबई पाह्यली काय?" तो म्हणाला, "नाही. पण दलित कविता म्हंजे अशीच लागते नं!"

हे 'लागते' मला झोंबलं. कारण वीसेक वर्षांपूर्वी मीही ते ऐकलं होतं, वेगळ्या तोंडून. एका संपादकानं माझी कविता परत पाठवली. 'बोली काढा, शुद्ध करा.' मी 'मले'चं 'मला' केलं, 'येचते'चं 'वेचते' केलं. कविता छापून आली. मायले वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगली हाय. कोनाची हाय?"

मित्रहो, 'गोलपिठा' १९७२ साली आला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. पांढरपेशा वाचकासाठी नामदेव ढसाळांनी शब्द धुऊन काढले नाहीत. पण ते शब्द त्यांनी कुठून उसनेही आणले नव्हते. ढसाळ त्याच वस्तीत वाढले, मुंबईत टॅक्सी चालवली. ती शिवी त्यांच्या गल्लीची बोली होती. ढसाळांकडून घ्यायचा तर तो हट्ट घ्या. शब्द त्यांचे त्यांच्यापाशी राहू द्या.

१९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. तिथं स्फोट नाही. माणूस आपल्याच दुसऱ्या रूपाशी, दगडू मारुती पवारशी, हळू आवाजात बोलत बसतो. ते आपल्यातल्याच काही शिकलेल्यांना खुपलं. घरची लक्तरं वेशीवर कायले टांगता, म्हणाले. पवारांनी आवाज चढवला नाही, अन् लक्तरं झाकलीही नाहीत. दोन पुस्तकं, दोन स्वर. दोन्ही अस्सल.

मग आपल्याकडे एकच साचा कुठून आला? प्रस्थापितांचा साचा आपण फोडला, हे खरं. पण त्याच मातीचा दुसरा करून आपल्याच पोरांच्या हाती दिला, हेही खरं. समीक्षा लिहिणारे आम्ही त्यात पहिले. शिव्या मोजून विद्रोह मापला.

त्या वहीत एक कविता त्याची स्वतःची होती. सुकल्या बोंडाच्या टोकांनी रक्ताळलेली मायची बोटं, काट्यावर कापूस चढताना पदराआड लपवलेली. एकही शिवी नाही. 'विद्रोही नाही' म्हणून त्यानं ती शेवटच्या पानावर ढकलली होती. मी म्हणतो, गड्या, ही पहिल्या पानावर घे. वावरातला काटा कुठं झुकतो, हे तुझ्याइतकं मुंबईच्या कवीले माहीत नाही.

अन् छापायला देण्याआधी मायले वाचून दाखव. तिनं 'कोनाची हाय?' म्हणून विचारलं, तर फाडून टाक. मी माझी फाडली नाही. अजून पेटीत आहे, शुद्ध.