‘आवरण’ की अवयव? : केंद्रोत्सारी सुपरचार्जरचे हौसिंग आणि मराठी परिभाषा

पारिभाषिक शब्दाची परीक्षा बहुधा कोशाच्या पानावरच होते. शब्द सुटसुटीत आहे काय, त्यापासून विशेषण साधता येते काय, मूळ इंग्रजी शब्दाशी तो जुळतो काय, एवढेच पाहिले जाते. ज्या वस्तूचा तो वाचक, त्या वस्तूत फेरफार कसा करावा हे सांगणाऱ्या वाक्यात घातल्यावर तो शब्द अभ्यासकास योग्य दिशेने नेतो की नाही, ही अधिक कठोर कसोटी क्वचितच लावली जाते. केंद्रोत्सारी सुपरचार्जरमधील हवेचा प्रवाह सुधारण्यासाठी त्याच्या हौसिंगमध्ये करावयाचे बदल हा विषय या कसोटीस विशेष उपयुक्त आहे. कारण येथे शब्दाने झालेली दिशाभूल थेट धातूवर उमटते.

पुण्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा येथे १८५४ पासूनची आहे. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स आणि १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्था स्थापन झाल्या व इंजिन हा या शहराच्या व्यवहाराचा विषय बनला. डीझेल इंजिनास जोडला जाणारा टर्बोचार्जर हा सुपरचार्जरचा निकटचा भाऊबंदच होय. एक इंजिनाच्या दांड्यावरून फिरतो, दुसरा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर. हवा दाबणाऱ्या भागाचे तत्त्व मात्र बहुधा एकच असते. इकडे १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय निर्माण झाले व परिभाषा कोशांचे कार्य सुरू झाले. २०२१ पासून अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यासही मान्यता मिळाली. तेव्हा या शब्दांवर आता विद्यार्थ्याचे आकलन अवलंबून राहणार आहे.

शब्दांचा विचार करता, ‘केंद्रोत्सारी’ हे विशेषण कसोटीस उत्तम उतरते. केंद्रापासून दूर सारणारा हा अर्थ त्याच्या घटकांतच आहे, आणि यंत्राचे कार्यही तेच आहे. याउलट, सुपरचार्जरसाठी ‘अधिभारक’ असा शब्द घडविल्यास तो वाचकास भलतीकडे नेईल. ‘अधिभार’ म्हणजे करावरील वाढीव आकारणी हा अर्थ रूढ आहे, आणि ‘भार’ म्हटल्यावर वजनाचा बोध होतो. येथे अभिप्रेत आहे ती क्रिया भरण्याची: सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा अधिक हवा भरणे. त्यामुळे ‘अतिभरण’ हा शब्द अर्थाच्या अधिक जवळ येतो.

खरी अडचण ‘हौसिंग’पाशी आहे. त्यास ‘आवरण’ किंवा ‘कवच’ म्हणण्याची प्रथा आहे. आवरण झाकते, कवच रक्षण करते. दोन्ही शब्द निष्क्रिय वस्तूचे आहेत. प्रत्यक्षात हवा मध्यभागातून आत शिरते, वेगाने फिरणारा इंपेलर तिला परिघाकडे फेकतो, आणि त्या हवेत दाबाबरोबर मोठा वेगही येतो. हा वेग दाबात रूपांतरित करण्याचे काम पुढे हौसिंगमधील मार्गाकडे असते. हा मार्ग हळूहळू रुंदावत जातो, हवा मंदावते व तिचा दाब वाढतो. त्यापुढील शंखाकृती भाग परिघावरून येणारी हवा गोळा करतो. वाटेत हवेची भर पडत असल्याने त्याचा छेदही क्रमाने मोठा होतो. म्हणजे अर्धे यंत्र फिरते आणि अर्धे स्थिर राहून काम करते. हे स्थिर अर्ध म्हणजेच हौसिंग.

आता ‘आवरणात बदल करून प्रवाह सुधारणे’ हे वाक्य पाहावे. ते वाचणारा अभ्यासक स्वाभाविकपणे असे समजेल की, आवरण अडथळा करीत आहे, तेव्हा ते आतून कोरून प्रशस्त करावे. परंतु मार्ग प्रमाणाबाहेर झपाट्याने रुंदावला तर हवा भिंतीस सोडते, भोवरे उठतात आणि मिळवलेला वेग उष्णतेत वाया जातो. उलट, आतील मुखाची धारदार कड गोलाईदार करणे, ओतकामाचा खडबडीतपणा घालविणे, पात्यांच्या कडा व भिंत यांमधील फट शक्य तितकी कमी ठेवणे, हे दिसण्यात क्षुल्लक बदल गुणकारी ठरतात. काही टर्बोचार्जरांत तर पात्यांलगतच्या भिंतीत मुद्दाम खाच ठेवतात. प्रवाह मंद असता थोडी हवा तिच्यातून मुखाकडे परतते आणि प्रवाह उलटण्याची आपत्ती लांबते. कार्यक्षमतेत किंचित तूट सोसून हा लाभ घेतला जातो. छिद्र पाडल्याने सुधारणारे आवरण ही ‘आवरण’ या शब्दाने मुळीच न उलगडणारी गोष्ट आहे.

तथापि, सर्व दोष मराठी शब्दावर ढकलणे अन्याय्य होईल. मूळ इंग्रजी शब्दही घराचाच वाचक आहे, आणि मराठीतील ‘चष्म्याचे घर’ या प्रयोगाइतकाच तो निष्क्रिय आहे. इंग्रजीचा वाचक फसत नाही, याचे कारण त्या भाषेत हौसिंगच्या प्रत्येक कार्यकारी भागास स्वतंत्र नाव आहे. १९३८ साली रोल्स-रॉइसमध्ये दाखल झालेले गणितज्ञ स्टॅन्ले हूकर यांनी मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे लक्ष फिरत्या भागांइतकेच हवेच्या प्रवेशमार्गाकडे गेले. त्या मार्गाची नवी मांडणी मर्लिन २० व ४५ या आवृत्त्यांत आली. वस्तूचे भाग वेगळे पाहता आले म्हणूनच दोषाचे स्थान सापडले.

मराठीत मात्र भाषांतर पुष्कळदा ‘आवरणा’पाशी थांबते आणि भाग अनामिक राहतात. जेथे नावे दिली जातात तेथेही सावधगिरी हवी. डिफ्यूजरला ‘विसारक’ म्हटल्यास वायूंच्या विसरणाशी गल्लत होते. येथे वायू एकमेकांत मिसळत नाहीत, हवा मंदावते. ‘मंदनमार्ग’ हे नाव कार्य सांगते. प्रवेशासाठी ‘मुख’, संकलक भागासाठी ‘शंख’ आणि शंख जेथे स्वतःशी मिळतो त्या टोकासाठी ‘जीभ’ हे शब्द मराठी माणसास शिकवावे लागणार नाहीत. संपूर्ण वस्तूस कारखान्यातील ‘हौसिंग’ हाच शब्द राहू द्यावा. तो रुळलेला आहे, आणि अपारदर्शक असल्यामुळे निदान खोटे चित्र तरी उभे करीत नाही.

तात्पर्य, परिभाषेची खरी कसोटी अवयवांच्या नावांत आहे. ‘मुखाची कड गोल करा, मंदनमार्ग रुंदावू नका, जिभेस धक्का लावू नका’ असे वाक्य ज्या भाषेत निःसंदिग्धपणे लिहिता येते, त्या भाषेत यंत्रशास्त्र शिकविता येते. केवळ ‘आवरण सुधारा’ एवढेच म्हणता येत असेल, तर कोशातील पाने भरली तरी विद्यार्थ्याच्या हातातील कानस कोठे चालवावी, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.