क्वांटम संगणन : लोकसमज, संशय आणि मराठी परिभाषा – एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर)

प्रस्तावना

क्वांटम संगणकाविषयी मराठी वाचकाच्या मनात आज दोन प्रतिमा शेजारीशेजारी नांदताना दिसतात. पहिली, जगातील सर्व महासंगणकांना निमिषार्धात मागे टाकणाऱ्या अद्भुत यंत्राची. दुसरी, शास्त्रज्ञ आणि कंपन्या यांनी मिळून उठवलेल्या आवईची. वरकरणी या परस्परविरोधी आहेत. तथापि दोहोंचा उगम एकच असून तो यंत्र नेमके काय करते हे न सांगणाऱ्या सुलभीकरणात आहे. प्रस्तुत लेखात या सुलभीकरणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न असून ती उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात केली आहे. क्वांटम संशोधनाच्या प्रयोगशाळा कुलाब्यात, पवईत आणि पुण्यात आहेत. या पट्ट्यात आहे तो त्या संशोधनाच्या बातम्या वाचणारा आणि त्यावर आपल्या मुलांचे शिक्षण ठरवणारा मध्यमवर्ग. त्यामुळे समज-गैरसमजाची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

परिभाषेचा प्रश्न

‘क्वांटम’साठी मराठीत ‘पुंज’ हा शब्द रूढ करण्यात आला आणि ‘पुंजयामिकी’ ही संज्ञा कोशांत स्थिरावली. शब्द घडवणाऱ्यांच्या परिश्रमांविषयी आदर राखूनही असे म्हणावे लागते की, येथे अर्थाची दिशा चुकली. पुंज म्हणजे रास, समूह. ‘तेजःपुंज’, ‘तारकापुंज’ या शब्दांतून तोच भाव व्यक्त होतो. १९०० मध्ये मॅक्स प्लांक यांनी मांडलेली कल्पना याच्या नेमकी उलट होती : ऊर्जा सलग ओतली जात नाही, तिचे ठरावीक वाटे पडतात आणि त्या वाट्याहून लहान वाटा देता येत नाही. ‘पुंज’ शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर कणाऐवजी तेजोवलय उभे राहते.

‘अध्यारोपण’ या संज्ञेची अडचण याहून सूक्ष्म आहे. वेदान्तात ‘अध्यारोप’ म्हणजे वस्तूवर अवस्तूचा आरोप. दोरीवर भासणारा साप. ही छटा ठाऊक असलेल्या वाचकाला क्वांटम अवस्था हा मनाचा भ्रम वाटल्यास नवल नाही, आणि ‘हे सारे आपल्या ऋषींना ठाऊक होते’ हा निष्कर्ष तेथून एका पावलावर असतो. श्रोडिंगर यांना वेदान्ताविषयी आस्था होती हे खरे. परंतु त्यांचे समीकरण त्या आस्थेतून सिद्ध होत नाही.

या सर्वांत खरी हानी करते ते एक वाक्य. क्वांटम संगणक ‘सर्व शक्यता एकाच वेळी तपासून पाहतो’, असे सर्रास सांगितले जाते. हे वाक्य अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य म्हणून ते असत्याहून अधिक टिकाऊ ठरले आहे. साधा बिट ० किंवा १ असतो. क्यूबिटची अवस्था या दोहोंच्या मिश्रणाने व्यक्त होते आणि क्यूबिटांची संख्या वाढली की या मिश्रणातील पदांची संख्या दुपटीदुपटीने वाढते. येथपर्यंत ठीक आहे. परंतु मापन केल्यावर हाती एकच उत्तर येते आणि ते कोणते यावर संभाव्यतेचे राज्य चालते. एवढेच असते तर क्वांटम संगणक म्हणजे महागडे नाणे उडवणे ठरले असते. यंत्राचे सामर्थ्य असते ते व्यतिकरणात. बदलापूरजवळ उल्हास नदीच्या संथ पाण्यात दोन खडे टाकले असता तरंगांचे शिखर शिखरावर येते तेथे पाणी उंच उसळते आणि शिखर गर्तेवर येते तेथे ते जवळजवळ स्थिर राहते. क्वांटम कार्यपद्धतीची रचना अशी करावी लागते की चुकीच्या उत्तरांकडे जाणारे ‘तरंग’ एकमेकांना पुसून टाकतील आणि योग्य उत्तराकडे जाणारे बळावतील. अशी रचना मोजक्याच प्रश्नांसाठी साधली आहे.

याचा पुरावा स्वच्छ आहे. दिल्लीच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, कोणताही क्रम नसलेल्या १० लाख नोंदींतून एक नोंद शोधण्यास सुमारे ८०० फेऱ्या लागतात; साध्या संगणकाला सरासरी ५ लाख. लाभ मोठा आहे, यात शंका नाही. पण सर्व शक्यता खरोखर एकदम तपासता आल्या असत्या तर एकच फेरी पुरली असती! क्वांटम संगणकालाही याहून फारशा कमी फेऱ्यांत हे काम करता येणार नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘व्यतिकरण’ हा शब्द कित्येक वर्षे आहे. लोकप्रिय विवेचनात मात्र तोच गाळला जातो.

दाव्यांची परीक्षा

ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने असे जाहीर केले की, ५३ क्यूबिटांच्या ‘सिकॅमोर’ने २०० सेकंदांत केलेल्या कामास सर्वोत्तम महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील. आयबीएमने त्याच सुमारास प्रतिवाद केला की, साठवणुकीचा योग्य वापर केल्यास अडीच दिवस पुरतील. पुढील काही वर्षांत साध्या संगणकांवरील पद्धती आणखी सुधारल्या. डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्यूबिटांच्या ‘विलो’बाबत वर्षांची संख्या १ वर २५ शून्ये इतकी झाली. हा आकडा मथळ्यांत झळकला. परंतु ते काम म्हणजे यादृच्छिक मंडलांचे नमुने काढणे होते. त्याचा व्यवहारात उपयोग नाही, यंत्राची कसोटी घेण्यासाठीच ते निवडलेले असते. ‘विलो’चे खरे यश वेगळेच होते : अधिक क्यूबिट जोडून दोषनिवारणाची जाळी मोठी केली असता चुका वाढण्याऐवजी दर टप्प्याला निम्म्याहून कमी झाल्या. जाणकारांना याचेच अप्रूप वाटले. वृत्तांत मात्र ते तळाच्या परिच्छेदात गेले.

येथे महाराष्ट्राच्या चिकित्सक परंपरेतील एका प्रयोगाचे स्मरण उचित ठरेल. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या २०० पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देण्यात आल्या आणि त्यांचे वर्गीकरण करण्यास सांगण्यात आले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांचे यश सुमारे ४६ टक्के होते, म्हणजे नाणेफेकीहून सरस नव्हे. या प्रयोगाचे महत्त्व निष्कर्षाइतकेच पद्धतीत आहे. प्रश्न आधी ठरला होता, कसोटी आधी ठरली होती आणि तुलना कशाशी करायची तेही आधी ठरले होते. क्वांटम संगणनाच्या दाव्यांबाबत ‘कशाशी तुलना?’ हाच कळीचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये ईविन टँग या १८ वर्षांच्या पदवी विद्यार्थिनीपुढे, शिफारशी सुचवण्याच्या एका प्रश्नात क्वांटम संगणकाचीच सरशी होते हे सिद्ध करण्याचे काम होते. त्याऐवजी तिला साध्या संगणकावर चालणारी तितकीच कार्यक्षम जातकुळीची पद्धत सापडली. संशयाने येथे नवे गणित निर्माण केले.

मिखाइल द्याकोनॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाचा व गिल कलाई या गणितज्ञाचा आक्षेपही याच कोटीतला आहे. गोंगाटाचे नियंत्रण आवश्यक त्या प्रमाणात कधीच साधणार नाही, हे त्यांचे म्हणणे; आणि ते प्रयोगाने खोटे ठरू शकते. ‘सगळे थोतांड आहे’ या उद्गाराला अशी कोणतीच कसोटी लावता येत नाही.

लेबल आणि नमुना

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद त्या शहराला अद्याप चिकटून आहे. तो अन्यायकारक आहे, कारण शून्यातून उद्योग उभारणाऱ्यांचे कष्ट त्यात पुसले जातात. तरी त्या विनोदामागे ग्राहकाचे शहाणपण आहेच : लेबल वाचून न थांबता कापडाचा पोत, शिवण आणि धुलाई पाहावी. हाच ग्राहक ‘क्वांटम’ लेबलापुढे मात्र हतबल होतो. ‘क्वांटम’ लोलक आणि तळहातावरून सर्व रोगांचे निदान करणारी ‘क्वांटम’ यंत्रे यांचा क्वांटम भौतिकीशी संबंध नाही. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने तर डिसेंबर २०२१ मध्ये अशा काही वस्तू किरणोत्सारी असल्याचा इशारा दिला होता.

अंबरनाथची गोष्ट निराळी. तेथे आयुधनिर्माणीबरोबर ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ आहे, म्हणजे प्रथम नमुना बनवणारा कारखाना. नमुना चालला याचा अर्थ उत्पादन सुरू झाले असा नव्हे, हे तेथील कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. या दृष्टीने ऑगस्ट २०२४ मधील घोषणेकडे पाहणे उद्बोधक ठरते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची संरक्षण संशोधन संस्थेची युवा प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. ६ क्यूबिटांची अवस्था लिहिण्यास ६४ संख्या पुरतात. घरचा संगणक त्याची नक्कल सहज करतो. म्हणून हे काम क्षुल्लक ठरवणारा आणि भारताने अमेरिकेला गाठले म्हणणारा, दोघेही चुकतात. चकती कुलाब्यात घडली, नियंत्रणाची जुळणी पुण्याच्या प्रयोगशाळेने केली, हे कौशल्य येथे रुजले. नमुन्याचे मोल तेच असते. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. ८ वर्षांत ५० ते १००० भौतिक क्यूबिटांचे संगणक हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. आजची बँक-सुरक्षेची कुलपे तोडण्यासाठी लागणाऱ्या क्यूबिटांचा अंदाज २०१९ मध्ये २ कोटी होता. २०२५ मध्ये तो १० लाखांच्या आत आला. दोन्ही आकडे एकत्र वाचले तर कॅम्पातील व्यापाऱ्याने आज ऑनलाइन व्यवहार थांबवण्याचे कारण उरत नाही. नव्या कुलपांची तजवीज मात्र आतापासून का चालली आहे, तेही कळते. अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यांची पहिली मानके ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत.

विद्यार्थ्यांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ मध्ये पदवी पातळीवर क्वांटम तंत्रज्ञानाचा गौण विषय आखून दिला. त्याच वेळी त्याच नावाची सशुल्क प्रमाणपत्रे आंतरजालावर विकली जातात. आयबीएमने २०१६ पासून आपली लहान क्वांटम यंत्रे दुरून वापरण्यास खुली केली असून मर्यादित वेळ ती विनामूल्य मिळतात. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांवर पकड असलेला बदलापूरचा विद्यार्थी त्यांवर स्वतः प्रयोग करू शकतो. ती पकड नसताना घेतलेले प्रमाणपत्र भिंतीची शोभा वाढवते, इतकेच.

बदलापुरातच ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुन्या मराठी ग्रंथांचा व नियतकालिकांचा मोठा संग्रह आहे. साधा संगणक मराठी वाचकासमोर प्रथम आला तेव्हा त्याचे वर्णन कोणत्या शब्दांत झाले, ‘परम ८०००’ १९९१ मध्ये तयार झाल्यावर अभिमान आणि आकलन यांचे प्रमाण काय होते, हे जुनी नियतकालिके चाळून तपासता येईल. क्वांटम संगणनाच्या आजच्या मराठी विवेचनाशी त्याची तुलना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असून तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे.