शेकडा किती, आणि कशाचा? : अमेरिकन कम्युनिटी कॉलेजातील प्राथमिक व्यापारी गणिताची समीक्षा

क्रमिक पुस्तकाची समीक्षा करणे हे आपल्याकडे फारसे प्रतिष्ठेचे काम समजले जात नाही. काव्य-नाटकांच्या परीक्षणास जी जागा मिळते, ती व्यापारी गणितास कोण देणार? तथापि एखादा समाज आपल्या तरुणांस पैशाचा हिशेब कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या बाजूने शिकवितो, हा प्रश्न कोणत्याही वाङ्मयीन प्रश्नाहून कमी मोलाचा नाही. अमेरिकेतील वास्तव्यात प्रस्तुत लेखकाने तेथील एका कम्युनिटी कॉलेजात ह्या विषयाच्या सायंकालीन वर्गास एक सत्रभर हजेरी लावली होती. वर्गात वीस-बावीस माणसे असत. बहुतेक दिवसभर नोकरी करून आलेली, काही आपल्या मुलांच्या वयाच्या सहाध्यायांशेजारी बसणारी. त्या अनुभवाच्या आधारे ह्या अभ्यासक्रमाचा विचार येथे योजिला आहे.

ह्या संस्थांची परंपरा शतकाहून जुनी आहे. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली पहिले टिकून राहिलेले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी केले. दोन वर्षे येथे शिकून पुढे विद्यापीठात जाणे हा एक मार्ग, आणि दोन वर्षांतच व्यवसायोपयोगी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणे हा दुसरा. व्यापारी गणित बहुतांशी ह्या दुसऱ्या मार्गावरील विषय होय. अपूर्णांक, शेकडेवारी, व्यापारी व रोखीची सूट, नफ्याची आकारणी, वेतनपत्रक, सरळ व चक्रवाढ व्याज, हप्त्यांची कर्जे, घसारा : असा त्याचा क्रम बहुतेक पुस्तकांत थोड्याफार फरकाने आढळतो.

ह्या सर्व पसाऱ्यात खऱ्या अर्थाने विचार करावयास लावणारी कल्पना एकच आहे, आणि ती म्हणजे आधाराची. वीस टक्के म्हणजे कशाचे वीस टक्के? ऐंशी डॉलरांस घेतलेली वस्तू शंभरास विकली, तर वीस डॉलर हा वाढावा खरेदी किमतीवर २५ टक्के होतो आणि विक्री किमतीवर २० टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. किरकोळ विक्रीच्या दुकानात विक्री किमतीचा आधार धरतात, कारण तेथील सर्व हिशेब एकूण विक्रीवर मांडलेले असतात. उत्पादक बहुधा खरेदी वा निर्मितीखर्चाचा आधार धरतो. हे कारण एका वाक्यात सांगता येते. परंतु वर्गातील पुस्तकाने ते सांगितले नव्हते. त्याऐवजी एक त्रिकोण दिला होता : वर भाग, खाली आधार आणि दर, जे काढावयाचे त्यावर बोट ठेवावे, उरलेल्यांचा गुणाकार वा भागाकार करावा. त्रिकोणाने उत्तर येते, पण आधार कोणता हे ओळखण्याचे काम, म्हणजे जे खरोखर शिकावयाचे होते तेच, विद्यार्थ्याकडे न येता उदाहरणाच्या शीर्षकाकडे जाते. शीर्षकात ‘खरेदी किमतीवर’ असे लिहिलेले नसेल तर वर्ग गोंधळतो. परीक्षेत तसेच झाले.

येथे मराठी वाचकास एक गोष्ट सहज जाणवेल. आपल्या जुन्या व्यवहारभाषेत आधार हा शब्दप्रयोगातच बसलेला असे. ‘रुपयामागे चार आणे’, ‘दरमहा दर शेकडा दोन’ असे म्हटले की कशावर आणि किती काळासाठी, हे दोन्ही बोलण्यातच येते. इंग्रजी ‘पर्सेंट’ मुळात शेकडाच होय, परंतु जाहिरातीत तो एकटाच उभा राहू शकतो. जुने सावकार ह्या भाषेमुळे अधिक प्रामाणिक होते असे कोणी समजू नये. भाषा मात्र अधिक प्रामाणिक होती.

आता उदाहरणांतील माणसांकडे वळू. गणिताच्या पुस्तकातील शाब्दिक उदाहरण हा एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि त्यासही नायक असतो. ह्या पुस्तकांचा नायक म्हणजे दुकानाचा मालक. तो कुरिअरच्या गाड्या विकत घेतो, अंगणात लावण्याच्या खुर्च्यांवर वाढावा आकारतो, हंगाम संपला की किंमत उतरवितो. वेतनाच्या प्रकरणात तो कामगारांचे पगार काढतो. स्वतःचा पगार बरोबर निघाला की नाही हे तपासणारा कामगार मात्र क्वचितच भेटतो. वर्गातील विद्यार्थी तर मुख्यतः पगार घेणारे, हप्ते भरणारे, उधारीवर मोटार घेतलेले. ज्याच्या जागी ते बहुधा कधीच उभे राहणार नाहीत त्याचा हिशेब ते सोळा आठवडे करीत होते. पुस्तकाचे कर्ते कोणास फसवू इच्छितात असे मला मुळीच वाटत नाही. हा दृष्टिकोन त्यांनी निवडला नाही, तो त्यांस वारशाने मिळाला. पाश्चात्त्य जगातील ज्ञात असे पहिले छापील गणिताचे पुस्तक, १४७८ साली इटलीत त्रेव्हिझो येथे निघालेले, तेही व्यापाऱ्यांसाठीच होते.

व्याजाच्या प्रकरणात ह्या दृष्टिकोनाची किंमत मोजावी लागते. वर्ष ३६० दिवसांचे धरण्याची बँकांची रीत घ्या. १०,००० डॉलरांवर ९ टक्क्यांनी ७३ दिवसांचे व्याज ३६५ दिवसांच्या वर्षाने १८० डॉलर होते, ३६० च्या वर्षाने १८२ डॉलर ५० सेंट. हाताने हिशेब करावयाच्या काळात ३६० ला पुष्कळ संख्यांनी भाग जातो ही खरी सोय होती. गणकयंत्र आल्यावर ती सोय गेली आणि अडीच डॉलर राहिले. पुस्तक दोन्ही रीती शेजारी-शेजारी देते, परंतु हे म्हणत नाही.

हप्त्यांच्या कर्जाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १,२०० डॉलर वर्षासाठी ‘१० टक्क्यांनी’ दिले, १२० डॉलर व्याज आरंभीच मुद्दलात मिळविले आणि दरमहा ११० डॉलरांचे बारा हप्ते बांधले. ऋणकोकडे पूर्ण १,२०० डॉलर पहिला महिनाच असतात. पुढे शिल्लक उतरत जाते. शिलकीवर हिशेब केला असता खरा वार्षिक दर १८ टक्क्यांच्या जवळ येतो. हा फरक उघड करण्यासाठीच १९६८ साली अमेरिकेत कर्जविषयक सत्यकथनाचा कायदा झाला आणि खरा वार्षिक दर लिहून देणे धनकोवर बंधनकारक झाले. पुस्तकात तो दर कोष्टकात पाहून काढावयाचा होता. कोष्टक कसे तयार झाले ह्याविषयी एक अक्षर नाही.

त्याच प्रकरणात ‘७८ चा नियम’ येतो. एक ते बारा ह्यांची बेरीज ७८. म्हणून पहिल्या महिन्याचे व्याज एकूण व्याजाच्या १२/७८, दुसऱ्याचे ११/७८, असे उतरत जावयाचे. कर्ज सहा महिन्यांत फेडले तर ५७/७८, म्हणजे सुमारे ७३ टक्के व्याज देय झालेले असते. हा नियम शिल्लक सरळ रेषेने उतरते असे गृहीत धरतो. वस्तुतः समान हप्त्यांत ती आरंभी संथ व शेवटी वेगाने उतरते. त्यामुळे नियम पूर्वार्धावर वाजवीपेक्षा अधिक व्याज टाकतो, आणि मुदतीपूर्वी फेडणारा तोट्यात जातो. किती? वरील कर्जात सहा महिन्यांअखेर हा फरक एक डॉलरच्याही आत आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मुदत आणि दर वाढतील तसा तो वाढतो. म्हणूनच १९९२ च्या संघीय कायद्याने ६१ महिन्यांहून दीर्घ मुदतीच्या ग्राहककर्जांत ह्या नियमास मनाई केली. अंकगणित, अन्याय आणि कायदा ह्यांचा इतका सुरेख संगम ज्या विषयात आहे, तो केवळ ‘कोष्टकातील अपूर्णांकाने गुणा’ एवढ्यावर उरकावा, ह्याचे वैषम्य वाटते.

ह्यावर कोणी म्हणेल, प्राथमिक अभ्यासक्रमात उपपत्ती शोधणे व्यर्थ होय. मला हे पटत नाही. ‘लीलावती’त (इ. स. ११५०) मिश्रव्यवहारात एक उदाहरण आहे : ९४ निष्कांचे तीन भाग दरमहा शेकडा ५, ३ व ४ ह्या दरांनी अनुक्रमे ७, १० व ५ महिने दिले आणि तिन्हींवर सारखेच व्याज आले, तर भाग कोणते? उत्तर २४, २८ व ४२. हाही हिशेब धनकोचाच, हे कबूल आहे. पण येथे व्याज दिलेले नाही, त्रैराशिक उलटे चालवावे लागते आणि भाग दर-काळाच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असले पाहिजेत हे ओळखावे लागते. अंकगणितापलीकडचे काही त्यात नाही. म्हणजे प्राथमिकता हे निमित्त आहे, कारण नव्हे.

कारण बहुधा संस्थेच्या रचनेत शोधावे लागेल. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क ह्यांनी १९६० साली कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथील कनिष्ठ महाविद्यालयाच्या अभ्यासावरून असे प्रतिपादन केले की, ही महाविद्यालये सर्वांस प्रवेश देतात आणि ज्यांची तयारी अपुरी त्यांस उघड नकार न देता हळूहळू छोट्या मार्गाकडे वळवितात. ह्या क्रियेस त्यांनी दिलेले ‘थंड करणे’ हे नाव गॉफमन ह्यांच्या १९५२ च्या निबंधातून आले आहे. तेथे ते ठकाने लुबाडलेल्या माणसाची समजूत घालण्याविषयी आहे. क्लार्क ह्यांचा भर चाचण्यांवर आणि सल्लागारांवर आहे. अभ्यासक्रमाच्या आशयाने हेच कार्य होते की काय, हे त्यांनी फारसे पाहिले नाही. वाणिज्याच्या पदवीस सामान्यतः बीजगणित, संख्याशास्त्र, पुष्कळदा कलनशास्त्रही लागते; व्यापारी गणिताचे श्रेयांक अनेक ठिकाणी तेथे धरले जात नाहीत. आमच्या वर्गातील एका तरुणास हे अकराव्या आठवड्यात कळले. त्याने वर्ग सोडला नाही; शुल्क भरलेले होते.

तथापि क्लार्क ह्यांच्या उपपत्तीत न बसणारी एक संध्याकाळही नोंदविली पाहिजे. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करणारी एक बाई आपल्या कर्जाचा कागद घेऊन आली. शिक्षक अर्धवेळ होते, आठवड्यातून तीन महाविद्यालयांत शिकवीत. त्यांनी नेमलेला धडा बाजूस ठेवला आणि फळ्यावर तिची शिल्लक महिन्यामागून महिना उतरविली. प्रत्येक ओळ वर्गाने सांगावयाची. चौदाव्या ओळीपर्यंत येता येता तिने खडू स्वतः मागून घेतला. उरलेल्या सेहेचाळीस ओळी पुऱ्या होण्यापूर्वी वेळ संपली, आणि पुढील तासास पुन्हा घसाऱ्याचे प्रकरण सुरू झाले.