उपायाआधीची व्याख्या

बारा वर्षांपूर्वी मी एक निबंध लिहिला होता. विषय घरचाच : जमिनीचे तुकडे. आजोबांचे सलग रान आधी चुलत्यांत वाटले गेले, मग चुलतभावांत. विहिरीवर पाळ्या लागल्या, बांध कोरण्यावरून दोन घरांचे बोलणे बंद झाले. मी सातबारे गोळा केले, फेरफार वाचले, तक्ते मांडले आणि शेवटी उपाय सांगितला : एकत्रीकरण. निबंध छापून आला, चार पत्रेही आली. आज तो मला वाचवत नाही.

त्याला कारण डॉ. आंबेडकरांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा निबंध. तो 1918 साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. शासनाने 1979 साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडात तो आहे. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पतपेढीत कारकुनी करता करता वाचत गेलो. त्यामुळे असेल, मला त्यातल्या सिद्धान्ताआधी त्याची बांधणी दिसली.

त्या काळी तुकड्यांवर पुष्कळ लिहिले जात होते. बडोदे संस्थानच्या समितीचा अहवाल 1917 चा. मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक कीटिंग यांचे पुस्तक त्याआधीचे. सगळ्यांचा रोख उपायाकडे. आंबेडकर मात्र उपायाला हात घालण्याआधी दोन गाठी सोडवतात. पहिली : जमीन विखुरलेली असणे आणि लहान असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विखुरलेली जमीन एकत्र आणता येईल, पण त्याने ती मोठी होत नाही. मी माझ्या निबंधात हे दोन्ही शब्द आलटून पालटून वापरले होते!

दुसरी गाठ अधिक खोल. कीटिंग यांच्या मते कुटुंबाचे पोट बऱ्यापैकी भरेल ती किफायतशीर जमीन. आंबेडकर म्हणतात, ही व्याख्या खाणाऱ्याच्या बाजूने झाली. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, शेतकऱ्याजवळ बैल, अवजारे, भांडवल, मनुष्यबळ किती यावर ठरते. भांडवलच तुटपुंजे असेल तर मोठे रान त्याला आणखी गाळात घालील. व्याख्या अशी फिरली की उपाय आपोआप शेताबाहेर जातो : शेतीवर जास्तीची माणसे आहेत, ती बसून खातात म्हणून शिल्लक उरत नाही, त्यांना उद्योगांत काम द्या.

भक्तिभावाने वाचणाऱ्यांना आवडणार नाही, पण निबंधाची एक बाजू मला लंगडी वाटते. व्याख्येची चिरफाड जितकी बारकाईची, तितका उपाय थोडक्यात उरकलेला. शेतातून निघालेला माणूस कारखान्यात कोणत्या दारातून शिरेल, त्याला कोण आत घेईल, हे तिथे नाही. भूमी, श्रम, भांडवल यांच्या हिशेबात 'श्रम' हा एकजिनसी धरला आहे. आपल्याकडे तो तसा कधी होता? पुढे त्यांनीच जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी म्हटले. या निबंधात ती नजर अजून उतरलेली नाही.

1947 साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला. त्यातली प्रमाणभूत क्षेत्राची कल्पना पुन्हा एकरांवर आली. आमच्या घरात त्याचा परिणाम एवढाच, की एका चुलत्याने विकलेला तुकडा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान म्हणून व्यवहार तोंडीच राहिला आणि सातबारा आजही जुन्याच नावावर आहे.

सध्या मी जुना निबंध नव्याने लिहितो आहे. परवा गावी गेलो, तेव्हा चुलतभावाला जमीन किती हे विचारले नाही. घरात राबणारी माणसे किती, ते विचारले.

"पाच," तो म्हणाला. "काम दोघांचंच हाय."

"मग धाकट्याला बाहेर का धाडत नाहीस?"

"धाडला व्हता की, दादा. एमआयडीसीत कंत्राटावर व्हता आठ महिने. कंत्राट संपलं, आला माघारी."

हे वाक्य निबंधात कुठे घालावे, ते अजून ठरलेले नाही.