नियमसंहिता आणि निवेदनाचा अधिकार

गायगॅक्स व आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या भूमिकाखेळाचे नियम युद्धखेळांतून आले; म्हणून घाव लागला की नाही, हाच त्यांचा मूळ प्रश्न होता. व्हिन्सेंट व मेगी बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) फाशांची बेरीज ७ ते ९ भरल्यास यश मिळते, पण किंमत मोजून. येथे नियम वास्तवाची प्रतिकृती उभारीत नाही, कथेला गती देतो. तथापि ती किंमत बहुधा सूत्रधारच ठरवितो. ‘फियास्को’त (२००९) सूत्रधारच नाही. खेळाडूने आपला प्रसंग मांडला, तर त्याचा शेवट इतर ठरवितात. शेवट स्वतःकडे ठेवला, तर मांडणी इतरांकडे जाते. निवेदनसत्तेची अशी विभागणी हेच नियमरचनेचे पुढील क्षेत्र होय. अन्यथा सहनिर्मितीचा दावा पोकळच राहील.